अर्धा टूथब्रश आणि कॉलरला छत्री: कोकण किनारा हलक्या पाठीने चालायची रीत

टूथब्रशची दांडी अर्धी कापली की सहा-सात ग्रॅम वाचतात. शर्टाच्या कॉलरमागचं लेबल उसवलं की एखादा ग्रॅम. चमच्याला भोकं पाडली की आणखी दोन. हे उद्योग करणारी माणसं वेडी असतात असं समजू नका, सगळीच नसतात. अल्ट्रालाइट नावाचा हा एक पंथ आहे आणि कुठल्याही पंथासारखे त्यातही साधे भाविक, कर्मठ आणि अंगात येणारे असे तीन प्रकार आहेत.

पंथाचं सूत्र सोपं आहे. अन्न, पाणी आणि इंधन वगळून पाठीवर जे उरतं ते बेस वेट. ते १० पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोंच्या खाली आलं की तुम्ही अल्ट्रालाइट. ५ पौंडांच्या, म्हणजे साधारण २ किलो २७० ग्रॅमच्या खाली गेलात की सुपर अल्ट्रालाइट. त्याच्याही खाली गेलेल्यांच्या फोटोत पाठपिशवी शोधावी लागते, दाढी मात्र लगेच दिसते.

या पंथाची कुलदेवता म्हणजे एमा गेटवुड. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अकरा मुलांची ही आई अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल एकटीने चालली. तीन हजारांहून जास्त किलोमीटर. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पायात कापडी बूट, पांघरायला लष्करी ब्लँकेट आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. पुढे १९९०च्या दशकात रे जार्डिन नावाच्या गिर्यारोहकाने तंबूऐवजी ताडपत्री, स्लीपिंग बॅगऐवजी रजई, जड बुटांऐवजी हलके बूट असा सगळा विचार नीट मांडला. मग दुकानदार आले. गेटवुडबाईंचा पडदा आता शर्यतीच्या बोटींच्या शिडांसाठी निघालेल्या कापडातून शिवून मिळतो, आणि त्याच्या किमतीत एखादी बऱ्यापैकी जुनी स्कूटर येते. शिडाचं कापड डोंगरात न्यायचं आणि मग आपण ते परत समुद्रावर आणायचं, हे हर्णैच्या बंदरात कुणाला सांगायला जाऊ नका.

माझं म्हणणं एवढंच की हा सगळा सरंजाम ज्या मुलखासाठी तयार झाला तिथे चार-चार दिवस माणूस दिसत नाही. कोकण किनाऱ्यावर थोडं चाललं की वाडी येते. वाडीत विहीर असते, देऊळ असतं, बिस्किटाचा पुडा मिळणारं दुकान असतं आणि ‘कुठले तुम्ही?’ हा प्रश्न असतो. तेव्हा इथे हलकं व्हायचं ते महागडं सामान विकत घेऊन नव्हे; ठिकाण ओळखून. कसं, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: काटा

घरातला स्वयंपाकाचा डिजिटल काटा घ्या. नसेल तर वाण्याला मस्का लावा. न्यायची प्रत्येक वस्तू मोजा आणि वहीत लिहा. अंदाज चालत नाही. ‘हे काय, पाव किलो असेल’ म्हणून घेतलेली जाड टर्किशची टॉवेलपट्टी कोरडी असताना पाऊण किलो भरते आणि ओली झाली की तिचं वजन काढायला पोत्यांचा काटा लागतो.

कर्मठ मंडळी इथेच वाट चुकतात. ती ग्रॅमच्या मागे लागतात आणि किलो तसेच राहतात. नियम उलटा आहे: आधी सर्वांत जड तीन वस्तू बघा. बहुतेकांच्या बाबतीत त्या म्हणजे पाठपिशवी, तंबू आणि अंथरूण-पांघरूण. दुकानातली साठ लिटरची पट्ट्या-बकलांनी सजलेली पिशवी रिकामीच दोन किलोंच्या आसपास असते. शाळकरी पोरांच्या दप्तरासारखी पंचवीस-तीस लिटरची साधी पिशवी चार-साडेचारशे ग्रॅममध्ये मिळते. एवढ्या एका अदलाबदलीत तुम्ही जितकं वाचवलंत तितकं वाचवायला दोनेकशे टूथब्रश कापावे लागतील.

दुसरी पायरी: तंबू घरी ठेवा

याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही वजनाहून मोठी.

पहिलं, कासवं. नोव्हेंबर ते मार्च हा चालायचा हंगाम. नेमका तोच ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायचा. वेळास प्रसिद्ध आहे, पण केळशी, आंजर्ले, कोळथरे, गुहागर इथल्या वाळूतही माद्या येतात. भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू, जिथे तुम्हाला तंबू ठोकावासा वाटतो, तीच जागा त्यांना हवी असते. माणसांची वर्दळ आणि पांढरा झगझगीत उजेड दिसला की मादी अंडी न घालता परत फिरते. पिल्लंसुद्धा उजेडाच्या दिशेने जातात, म्हणजे समुद्र सोडून तुमच्याकडे.

दुसरं कारण, घरं. या पट्ट्यात घरगुती मुक्कामाची सोय जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आहे. आधी फोन करून जा, निदान जेवणासाठी तरी. रात्री आठ वाजता दारात उभं राहून ‘मासे काय आहेत?’ विचारणाऱ्याला पिठलं मिळतं आणि ते योग्यच आहे.

तंबूबरोबर त्याच्या खुंट्याही गेल्या. काही अंगात आलेली मंडळी टायटॅनियमच्या खुंट्या अर्ध्या ग्रॅमच्या फरकावरून निवडतात. सुक्या वाळूत खुंटी अर्ध्या ग्रॅमची असो वा अर्ध्या किलोची, ती उभी राहत नाही. तिथे लोक पिशवीत वाळू भरून पुरतात. ती वाळू जागेवरच मिळते, फुकट.

तिसरी पायरी: निजायचं सामान

स्लीपिंग बॅगमध्ये आपण झोपतो तेव्हा पाठीखालची पिसं दबतात. दबलेली पिसं ऊब धरत नाहीत. म्हणून अल्ट्रालाइटवाल्यांनी पाठीखालचा भागच कापून टाकला आणि फक्त वरून घ्यायचं पांघरूण केलं. त्याला ते क्विल्ट म्हणतात आणि चाळीस हजारांना विकतात. तुमच्या आजीने ती जुन्या लुगड्यांची शिवली होती.

कोकणात तिचीही गरज नाही. किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीतही पारा सहसा पंधराच्या खाली उतरत नाही. दापोली शहराची गोष्ट वेगळी, ते उंचावर आहे, तिथे थंडी चांगली चावते. खाली समुद्राशी एक लुंगी अंथरायला, एक पातळ सुती चादर पांघरायला, बस. पिसांचं पांघरूण तर मुळीच नको: खाऱ्या दमट हवेत पिसं ओल धरतात, चिकटतात आणि तुम्ही पैसे दिलेली फुगारी निघून जाते.

मच्छरदाणी मात्र आणा. एकेरी, नायलॉनची, अडीच-तीनशे ग्रॅमची. नारळी-पोफळीच्या वाडीत पाट वाहतो, पाटाला पाणी असतं, आणि त्या पाण्यात जन्मलेल्यांना तुमचं बेस वेट किती याच्याशी काही देणंघेणं नसतं.

चौथी पायरी: तिथी बघून निघा

सगळ्या लेखात ही पायरी मोठी आहे, कारण हिचं वजन शून्य आणि फायदा सर्वांत जास्त.

कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायला पक्क्या जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त शक्ती लागते. म्हणजे तुम्ही चार किलोंचे तीन किलो केलेत, टायटॅनियमचा चमचा आणलात, लेबलं कापलीत आणि मग भर भरतीच्या वेळी किनाऱ्यावर उतरलात, तर ती सगळी कमाई पहिल्याच अर्ध्या तासात वाळूत जिरली. ओहोटीला उघडी पडणारी ओली वाळू मात्र कडक असते. काही पुळणींवर तर मोटरसायकली जातात. चालायचं ते तिच्यावरून.

मग ओहोटी कधी? कोळ्यांचं जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती पूर्ण, आणि तिथून सहा तासांनी, सकाळी आणि रात्री नऊला, पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला पाणी काठोकाठ आणि वाळू मोकळी होणार ती ऐन दुपारी बाराला, जेव्हा सावलीत बसलेला माणूससुद्धा घाम पुसत असतो. हे गणित मुंबईच्या बाजूला चांगलं जुळतं. दक्षिणेकडे सरकाल तशी भरती थोडी लवकर येते, तेव्हा अर्ध्या-पाऊण तासाची सवड धरा आणि निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या.

यातून निघण्याची तारीख आपोआप ठरते. पौर्णिमा किंवा अमावास्येला निघून पुढचे तीन-चार दिवस चाला. त्या दिवसांत ओहोटी सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान असते, म्हणजे गारव्यात कडक वाळू मिळते. शिवाय ते उधाणाचे दिवस: पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली ओसरतं, म्हणून चालायचा पट्टा रुंद. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीत हा पट्टा निम्मासुद्धा राहत नाही. जीपीएसचं घड्याळ मनगटावर घालून अष्टमीला निघालेला माणूस मी पाहिला आहे. घड्याळ त्याला दर किलोमीटरला शाबासकी देत होतं.

उधाणाला एक बोचरी बाजूही आहे. दोन पुळणींच्या मध्ये समुद्रात घुसलेलं खडकाळ टोक असतं. ओहोटीला त्याच्या पायथ्याने जाता येतं असं वाटतं आणि पुष्कळदा जाताही येतं. पण पाणी फिरलं की मागची वाट आणि पुढची वाट एकाच वेळी जाते. स्थानिक माणसाने ‘आता जा’ म्हटल्याशिवाय टोकाखालून जाऊ नका. सड्यावरून, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावरून, डांबरी रस्त्याने वळसा घाला. खाडीच्या मुखाशी तर विचारच नको. खाजणातला चिखल गुडघ्यापर्यंत घेतो आणि चप्पल परत देत नाही. खाडीला ‘तर’, म्हणजे फेरीबोट, असते, ती त्यासाठीच असते.

पाचवी पायरी: चूल नको

पंथातले कर्मठ लोक स्टोव्ह बाळगत नाहीत. प्लास्टिकच्या बरणीत कोरडे नूडल्स घालायचे, गार पाणी ओतायचं, बरणी पिशवीत टाकून दोन तास चालायचं आणि मग तो लगदा डोळे मिटून खायचा. याला ते कोल्ड सोकिंग म्हणतात आणि त्यावर तासतासभर चर्चा करतात.

आपण याला दडपे पोहे म्हणतो आणि ताटलीत अजून घ्या म्हणून आग्रह करतो.

तेव्हा कृती देतो. पातळ पोहे पाव किलो, घरून. मीठ, चिमूट साखर आणि दाण्याचं कूट एका पुडीत. फोडणी घरीच करायची: तेलात मोहरी, हिंग, हळद, मिरचीचे तुकडे, भाजके शेंगदाणे, गार झाली की घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत. वाटेत वाडीत एक नारळ मागा. फोडताना पाणी बरणीत धरा, खोबरं खवून किंवा चाकूने बारीक करून पोह्यांत मिसळा, कांदा-लिंबू मिळाला तर उत्तम, नारळाचं पाणी शिंपडा, झाकण लावा आणि बरणी दडपून पिशवीच्या तळाशी ठेवा. अर्ध्या तासात पोहे मऊ होतात. वरून फोडणी. एक सूचना: ओलं खोबरं उन्हात लवकर आंबतं, तास-दीड तासात संपवा. संपतंच.

त्याशिवाय आंबापोळी, फणसपोळी, शेंगदाण्याचा लाडू. वजनाच्या मानाने पोट धरतात आणि चुरत नाहीत. सुके सोडे किंवा जवळा नेणार असाल तर दोन पिशव्यांत, गाठ मारून. गावातली कुत्री ग्रॅम मोजत नाहीत. ती सरळ पाठपिशवीशी बोलणी सुरू करतात.

स्टोव्हशिवाय चालणारच नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: गॅसचं डबडं रेल्वेत न्यायला बंदी आहे, म्हणजे कोकण रेल्वेने खेडला किंवा चिपळूणला उतरणार असाल तर प्रश्न तिथेच मिटला. आणि टायटॅनियमच्या भांड्याबद्दल एक गंमत. टायटॅनियम ॲल्युमिनियमपेक्षा हलकं नसतं. घनता बघितली तर टायटॅनियमची साडेचार, ॲल्युमिनियमची पावणेतीन. ते मजबूत असतं म्हणून पत्रा पातळ काढता येतो, म्हणून भांडं हलकं. पातळ पत्र्यात उष्णता नीट पसरत नाही आणि मध्यभागी भात करपतो. माळ्यावरच्या जर्मनच्या पातेलीला कमी लेखू नका.

चमच्याला भोकं पाडण्याबद्दल: भोकं पाडलेल्या चमच्याला आपल्याकडे झारा म्हणतात. त्याने सोलकढी पिऊन दाखवा.

सहावी पायरी: पाणी, आत आणि बाहेर

एक लिटर पाणी एक किलो. इथे जगातला कुठलाही पंथ काही करू शकत नाही. तरी दोन युक्त्या आहेत. जिथे पाणी मिळेल तिथे पोटभर प्यायचं आणि मगच बाटली भरायची. पोटातलं पाणी खांद्याला लागत नाही. आणि वजनदार स्टीलच्या बाटलीऐवजी दुकानात मिळणाऱ्या पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्यायच्या. दोन मिळून पन्नास ग्रॅमच्या आसपास.

इथला घाम मात्र हलक्यात घेऊ नका. हवा दमट असल्याने तो सुकत नाही, अंग थंड होत नाही, म्हणून आणखी घाम येतो. नुसतं पाणी ढोसून भागत नाही, मीठही जातं. जलसंजीवनीची एक लिटरची पुडी २०.५ ग्रॅमची असते. रोज दोन धरा. संपल्या तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. शहाळी मिळतील तिथे प्या.

फिल्टर नेत असाल तर लक्षात ठेवा, ट्रेकिंगचा फिल्टर जंतू काढतो, मीठ काढत नाही. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते गाळूनही मचूळच राहणार. गावात विचारा, पिण्याची विहीर कुठली. प्रत्येक वाडीत ती ठरलेली असते.

आता पाण्याची दुसरी बाजू. टॉयलेट पेपरचं वजन वाचवण्यासाठी अलीकडे परदेशी अल्ट्रालाइटवाल्यांनी एक क्रांतिकारक उपकरण स्वीकारलं आहे. बाटलीच्या तोंडावर बसवायचं भोकाचं छोटं बूच. बाटली दाबली की पाण्याची धार येते. त्याची परीक्षणं वाचताना डोळे भरून येतात: इतकं स्वच्छ कधी वाटलं नव्हतं, आयुष्य बदललं, आता मागे फिरणं नाही. पिढ्यान् पिढ्या टमरेल घेऊन पहाटे निघालेल्या आपल्या पूर्वजांना हे कळवायची काही सोय असती तर बरं झालं असतं. तुमच्यासाठी सूचना एवढीच की प्यायची बाटली आणि ही बाटली वेगळी ठेवा, आणि वेगळी दिसेल अशी ठेवा.

सातवी पायरी: पाय

पायातलं वजन पाठीवरच्या वजनाच्या कितीतरी पट दमवतं, हे पंथाचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. घोट्यापर्यंतचे चामडी बूट इथे नकोतच. जाळीचे धावायचे बूट रस्त्यावर छान, पण बारीक वाळू जाळीतून आत शिरते आणि मग दुपारपर्यंत फोड. मागून पट्टा असलेली सँडल सर्वांत बरी. कडक ओल्या वाळूवर अनवाणी चाला. खडकावर मात्र पायात काहीतरी हवंच: कालवांची शिंपलं ब्लेडसारखी कापतात. जांभ्याच्या सड्यावर तर उन्हात दगड तापलेले असतात आणि टोकंही असतात.

आठवी पायरी: कपडे आणि छत्री

अंगावरचा एक जोड, बदलायचा एक जोड. तिसरा नको. रात्री धुवा, सकाळी दमट असेल, तसाच घाला, सूर्य बाकीचं बघेल. टॉवेलऐवजी पंचा: शंभर ग्रॅम, डोकं पुसायला, डोक्याला गुंडाळायला, पाणी गाळायला, उन्हात ओला करून मानेवर टाकायला. शिवाय खोबरेल तेलाची लहान बाटली. घामाच्या मिठाने जांघा आणि काखा सोलवटतात, तिथे चालायला लागण्यापूर्वीच लावा. थंडीच्या पहाटे ते गोठलेलं सापडलं तर खराब झालं समजू नका. चोवीस अंशांच्या खाली ते गोठतंच.

छत्री. होय, हिवाळ्यातसुद्धा. परदेशात आता उन्हासाठी चंदेरी कापडाची, कार्बनच्या काड्यांची छत्री घेऊन चालायची टूम आहे, आणि ती पिशवीच्या पट्ट्याला अडकवायच्या खास क्लिपाही मिळतात. काळी, वाकड्या मुठीची छत्री साधारण चारशे ग्रॅमची असते. ती मिटून मूठ मागे शर्टाच्या कॉलरला अडकवायची. हात मोकळे, पट्टा नको, क्लिप नको. कुत्रा आला की ती काठी होते. हिच्याऐवजी साठ ग्रॅमची टोपी नेऊन तीनशे चाळीस ग्रॅम वाचवता येतील. वाचवू नका. पुळणीवर झाड नसतं.

नववी पायरी: जिथे कात्री चालवायची नाही

अंगात आलेली मंडळी टॉर्चऐवजी नाण्याएवढा बिल्ला घेऊन फिरतात, ज्याच्या उजेडात स्वतःचा अंगठा दिसतो. कोकणात हे धोक्याचं आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जांभ्याच्या पट्ट्यात फुरसं हा विषारी साप भरपूर. लहानसं, मातीच्या रंगाचं, रात्री हिंडणारं आणि पाय पडेपर्यंत न हलणारं. डोक्याला लावायचा ऐंशी ग्रॅमचा चांगला दिवा घ्या आणि अंधार पडल्यावर अंगणातल्या नळापर्यंत जायलाही तो लावा. फक्त पुळणीवर तो विझवलेला बरा, कासवांसाठी.

चावलाच तर बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठ्या-कडी काढा, पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि लस असलेल्या सरकारी दवाखान्यात जा. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं अशा चौघांवरही चालते, त्यामुळे साप मारून पुरावा म्हणून नेण्यात वेळ घालवू नका. विंचवाचंही तसंच. कोकणातला लाल विंचू एके काळी फार माणसं मारायचा, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून चित्र पालटलं. ते औषध दवाखान्यात द्यायचं, आपल्या मनाने घ्यायचं नव्हे. तुमचं काम सकाळी सँडल झटकून घालण्याचं. त्याला वजन नाही.

दहावी पायरी: हिशेब, आणि हिशेबातली लबाडी

आता यादी. पिशवी ४५०, लुंगी आणि चादर २००, मच्छरदाणी ३००, बदलीचे कपडे ४००, पंचा १००, छत्री ४००, औषधं आणि खोबरेल १५०, दिवा ८०, पॉवर बँक २२०, चार्जर आणि वायर ८०, दोन बाटल्या ५०, बरणी आणि वाटी १००, प्लास्टिकच्या पिशव्या ३०. एकूण २ किलो ५६० ग्रॅम. चादर अगदी पातळ हवी, नाहीतर दुसरा आकडा खोटा ठरेल.

सुपर अल्ट्रालाइटची रेषा २ किलो २७० ग्रॅमची. थोडक्यात हुकली. पण पंथात एक पळवाट आहे: अंगावर घातलेलं वजन बेस वेटमध्ये धरत नाहीत. त्यामुळे वजन जाहीर करण्यापूर्वी मंडळी चाकू, बॅटरी, औषधं, अर्धा टूथब्रश असं सगळं खिशांत भरतात, आणि काहींचे खिसे तर पाठपिशवीहून जड असतात. मार्च महिन्यात हिशेब जुळवणाऱ्या कुठल्याही माणसाला ही युक्ती नवी नाही. आपल्याकडे खिसे भरायचीही गरज नाही. छत्री कॉलरला अडकवलेली आहे, म्हणजे ती अंगावर. चारशे वजा. २ किलो १६० ग्रॅम. अभिनंदन.

एवढीशी पिशवी घेऊन आंजर्ल्याच्या एका घरी उतरलो तेव्हा आजींनी ती उचलून ओट्यावर ठेवली. म्हणजे ठेवायला गेल्या. जड असेल म्हणून जोर लावला होता, ती एकदम वर आली आणि त्यांचा तोल गेला. मग मागे, फाटकाकडे, बघत म्हणाल्या, “बाकीचं सामान मागनं येतंय काय?” नाही म्हटल्यावर त्यांनी आतून एक सतरंजी, एक उशी आणि एक रग आणून दिला आणि त्या रात्री माझं बेस वेट चौदा किलोंवर गेलं.

कुठून कुठे

पहिल्यांदा जाणाऱ्याने केळशी ते दाभोळ हा पट्टा घ्यावा. पहिला दिवस केळशी, आडे, पाडले, आंजर्ले. कड्यावरचा गणपती संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी हर्णै, समोर सुवर्णदुर्ग, मग मुरुड आणि कर्दे. हर्णैचा मासळीचा लिलाव बघायचा असेल तर संध्याकाळी तिथे थांबावं लागेल, मग त्याप्रमाणे मुक्काम हलवा. मुरुड हे महर्षी कर्व्यांचं गाव. लहानपणी ते इथून सह्याद्री चढून साताऱ्याला पायी गेले, परीक्षेसाठी, आणि तिथे वय कमी दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे १०४ वर्षं जगले. चालण्याचे फायदे मोजायचे तर तिथून मोजा, ग्रॅममध्ये नको.

तिसरा दिवस कर्द्याहून लाडघर, बुरोंडी, कोळथरे; यात कर्दे-लाडघरच्या मधलं टोक रस्त्याने ओलांडा. चौथ्या दिवशी सड्यावरून दाभोळ आणि जंगलजेट्टीने वाशिष्ठीची खाडी पार करून धोपावे. तिथून गुहागर एसटीने. फेरीत माशाच्या पाट्या घेतलेल्या बायका असतील. त्यांच्या डोक्यावर तुमच्या चौपट वजन असतं आणि त्या गप्पा मारत असतात. त्यांच्यासमोर अल्ट्रालाइट हा विषय काढू नये.

परतीचं वजन

याचा विचार कुठलाच पंथ करत नाही, कारण त्यांच्याकडे यजमान नसतात. निघताना तुम्हाला आमसुलं मिळतील, कुळथाचं पीठ मिळेल आणि नारळ तर मिळतीलच. नको म्हणता येत नाही. दोनदा म्हणून बघा, तिसऱ्यांदा नारळांची संख्या वाढते. आमसुलं आणि पीठ बिनघोर घ्या. नारळ मात्र असोले घेऊ नका, सोडणाचंच वजन निम्मं असतं. तिथेच सोलून मागा, आणि सोलताना डोळ्यांवरची शेंडी ठेवायला सांगा. शेंडी काढली की डोळ्यांतून हवा शिरून नारळ आठवड्यात खराब होतो. दोन नारळ पिशवीत तळाशी, पाठीला लागून, मध्ये घडी केलेली लुंगी. तिसरा दिलाच तर हातात धरा. तो अंगावरच्या वजनात जातो.